फोटोखालचं नाव

७ सप्टेंबर २०२५, रविवार

वादिराजने आज फर्मान काढलं, प्रत्येकाने दैनंदिनी ठेवायची. रोज लिहायला नको, पण लिहायचं ते खरं लिहायचं, आणि कुणाला दाखवायचं नाही. आत्मटीकेची पूर्वतयारी म्हणे. आमच्या गटात दर रविवारी बैठकीच्या शेवटी एकाने उभं राहायचं, स्वतःच्या चुका सांगायच्या, बाकीच्यांनी त्यावर बोलायचं, आणि मग मी रजिस्टरमध्ये लिहायचं, 'आत्मटीका मान्य'. मी सचिव आहे. सचिव म्हणजे अक्षर बरं असलेली बाई.

तर खरं लिहिते. मला या बैठकांची किळस येऊ लागली आहे. समाजवादाची नाही. बैठकांची.

बैठक भरते इंदिरानगरात, वादिराजच्या वडिलांच्या गॅरेजमध्ये. रविवारी गाडी बाहेर काढून सतरंजी टाकतात. पेट्रोलचा वास डोक्यात जातो. वादिराजची आई फिल्टर कॉफी आणि कोडबळी पाठवते, आणि आम्ही कुरुमकुरुम चावत भुकेल्या जनतेवर बोलतो. शी! मीही चावते. तीन खाल्ली आज.

आम्ही पाच जण. वादिराज कायदा शिकतो, शिकतोच आहे. घराणं शहाजीराजांबरोबर इकडे कानडी मुलखात आलेलं, हे तो दर दोन बैठकांना एकदा सांगतो आणि वर सरंजामशाहीला शिव्या घालतो. त्याची मामेबहीण आश्लेषा पोस्टर काढते. रोशन मंगळूरकडचा, कोंकणी बोलतो, कंप्युटरवाला, घड्याळ बघत बसतो. मी निपाणीची. आणि नागराज, खानापूरकडचा. के. आर. पुरमच्या पुढे शर्टांच्या कारखान्यात लाईन सुपरवायझर आहे. आमच्यातला एकटा खरा कामगार. नव्या पाहुण्याला ओळख करून देताना वादिराज त्याला शेवटी ठेवतो, जेवणात गोड ठेवतात तसं.

आज विषय होता कापडाचा इतिहास. कंपनी सरकारने विणकरांना कसं नागवलं, आणि आज परदेशी ब्रँड इथे शर्ट कसे शिवून घेतात. नागराज म्हणाला, "अमेरिकेनं जकात वाढवली तशी आमच्या दोन लाईनी बंद झाल्या. ऑर्डरच नाही." वादिराज म्हणाला, "स्वल्प थांब. साम्राज्यवादी बाजारावर अवलंबून राहणं हाच मूळ प्रश्न आहे." नागराज म्हणाला, "ते खरं हाय. पण आम्हाला शर्टच शिवायला येतंय की ओ."

सगळे हसले. मला त्या हसण्याचा राग आला. आणि नागराजचाही आला. जरा मान वर करून बोलायचं ना!

९ सप्टेंबर, मंगळवार

खरं लिहायचं तर हेही लिहावं लागेल, माझं काम काय ते. गटात मी नुसतं "ऑफिस" म्हणते.

आमची कंपनी उमेदवार तपासते. कुणाला नोकरी द्यायची झाली की ती फाईल आमच्याकडे येते. पदवी खरी का, आधीची नोकरी खरी का, हे दुसरा विभाग बघतो. आमच्या विभागात नाव टाकायचं आणि इंटरनेटवर काय निघतं ते बघायचं. मग शेरा मारायचा, हिरवा, पिवळा किंवा लाल. आज सोलापूरचा एक मुलगा होता, हिशेबनीस. नाव टाकलं, तर मोर्च्यात झेंडा धरून उभा. खाली नावगाव सगळं. लाल. दीड मिनिट लागलं.

मी नाही केलं तर शेजारच्या टेबलावरची कावेरी करेल. मी हे पोटासाठी करते, मनाने नाही, आणि हा फरक मोठा आहे. परत येताना बसमध्ये वसाहतवादावरचं प्रकरण वाचून संपवलं.

१४ सप्टेंबर, रविवार

आज काहीतरी केलं! कित्येक महिन्यांनी गॅरेजमधून बाहेर पडताना अंगात बळ वाटलं.

आमचं प्रदर्शन आहे, 'सुतापासून साम्राज्यापर्यंत'. बारा फलक. शेवटचा फलक आजच्या कामगाराचा. आश्लेषाने नागराजचा फोटो काढलाय, कारखान्याच्या फाटकाबाहेर, गळ्यात ओळखपत्राची पट्टी, कपाळावर ऊन. सुंदर आलाय. मजकूर मी लिहायचा आणि आमच्या इंटरनेटवरच्या पानावरही मीच टाकायचा, पासवर्ड माझ्याकडे आहे.

नागराज म्हणाला, "फोटो घाल, पण नाव नको गं चंदनाक्का. माझ्यासारखी तोंडं तिथं हजार हायत. नाव माझं एकट्याचं." माझ्याहून तीन वर्षांनी मोठा आहे, तरी अक्का म्हणतो. मी म्हटलं, "भितोस काय रे?" तो हसला. "भितो की."

असा राग आला मला! इतका राबणारा माणूस, आणि हसत सांगतो, भितो की. मालकाने याच्या हाडात काय भरून ठेवलंय. दोनशे वर्षांपूर्वीच्या कंपनीच्या वह्यांत कापडाच्या जाती लिहिल्यात, विणकरांची नावं कुणी लिहिली नाहीत. आम्हीही तेच करायचं? घरी येऊन एका दमात लिहिलं :

'विणकराचं नाव इतिहासाने पुसलं. याचं आम्ही पुसू देणार नाही. नागराज शिवाप्पा कक्केरीकर, लाईन सुपरवायझर, शर्ट विभाग.'

लिहिताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. वादिराजला पाठवलं. त्याचं उत्तर, "सरी, ठीक! हेच पाहिजे होतं." टाकून दिलं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

चार हजार लोकांनी बघितलं. एरवी आम्हाला साठ जण बघतात, त्यांत आम्ही पाच. कुणीतरी खाली लिहिलंय, 'अंगावर काटा आला.'

नागराजला कळवलं. त्याने हात जोडल्याचं चित्र पाठवलं, बाकी काही नाही. भारावला असेल.

२३ सप्टेंबर, मंगळवार

नागराजला काल फाटकावर अडवलं. ओळखपत्र काढून घेतलं. कागदावर कारण लिहिलंय, काम कमी आहे. पण आत बोलावून अधिकाऱ्याने मोबाईल पुढे केला आणि आमचा फोटो दाखवला.

माझं डोकं फिरलंय. म्हणजे ही माणसं दिवसभर बसून कामगारांची नावं टाकून हुंगत बसतात? माणूस सुट्टीत कुणाबरोबर उभा राहतो ते बघतात? काय लायकीचे लोक असतील हे! आणि ही असली कामं करणारे घरी जाऊन जेवतात, पोरांना मांडीवर घेतात, त्यांना काहीच वाटत नाही. थू!

आज चौतीस फाईली झाल्या. मान मोडून आली.

२८ सप्टेंबर, रविवार

तातडीची बैठक. नागराज प्लास्टिकच्या पिशवीत एक कागद घालून घेऊन आला होता. कारखान्याने त्याला सांगितलंय, दोन ओळी लिहून दे, फोटो मला न विचारता टाकला, आणि तो फोटो काढून टाका, मग दसऱ्यानंतर कामावर ये. कागदावर मजकूर छापलेलाच होता. सहीची जागा रिकामी.

"मी सही करतो," नागराज म्हणाला. "तुम्ही फोटो काढा. प्रश्न मिटला."

वादिराज उठून उभा राहिला. बसून बोलता येतं, पण तो उठतो. म्हणाला, आज एक माणूस झुकला तर उद्या शंभर झुकतात. फोटो काढणं म्हणजे सगळ्या कामगारांच्या तोंडावर पट्टी बांधणं. आमच्या गटाचा नियम आहे, मतदान घ्यायचं आणि बहुमताने ठरेल ते प्रत्येकाने पाळायचं. त्यालाच आम्ही शिस्त म्हणतो. मतदान घेतलं. सही करायची नाही, फोटो काढायचा नाही, या बाजूने वादिराज, आश्लेषा आणि मी. विरुद्ध नागराज. रोशनने हात वर केलाच नाही.

"नोकरी माझी हाय की ओ," नागराज म्हणाला.

"नोकरी तुझी, लढा सगळ्यांचा," वादिराज म्हणाला.

नागराजने कागद परत पिशवीत घातला, घडी न मोडता. मग आम्ही कारखान्याला द्यायचं पत्र तयार केलं, तीन पानी. ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेपासून सुरुवात आहे. नागराजचं नाव तिसऱ्या पानावर येतं. पत्र मी लिहिलंय आणि चांगलं झालंय.

रोशनची मात्र शिसारी आली. माणसाची नोकरी गेलीय आणि हा तटस्थ! रजिस्टरमध्ये तसंच लिहिलं.

मधेच आश्लेषाने विचारलं, "पण नाव कोणी घातलं खाली?" मी म्हटलं, मजकूर सगळ्यांनी मिळून मंजूर केला होता. वादिराजने मान डोलावली. तसंच होतं ते.

१ ऑक्टोबर, बुधवार

आयुधपूजा. ऑफिसात सगळ्या कंप्युटरांना झेंडूच्या माळा. ज्या पडद्यावर माणसांची नावं टाकून त्यांच्या भाकरीवर लाल शेरा मारायचा, त्याला हळदकुंकू! बाहेर रस्त्यावर दर दहा पावलांवर गाड्यांची दृष्ट काढून कोहळे आपटलेले, आत कुंकू भरलेलं, वर गाड्यांची चाकं फिरलेली. नुसता चिकट राडा. चप्पल भरली ती घरी येऊन दोनदा धुतली.

निपाणीहून आत्याचा फोन आला. भागुबाई म्हटलं की अजून तिकडच्या विडी कामगार बायका ओळखतात. तीस वर्षं विड्या वळल्या, संपात बसली, लाठ्या खाल्ल्या. तिला म्हणून अभिमानाने सगळं सांगितलं, फोटो, नोकरी, ठराव, पत्र.

ती म्हणाली, "त्या पोराला इचारलंत काय?"

"मतदान झालं आत्या. रीतसर."

"मतदान ऱ्हाऊ दे. त्याला इचारलंत काय, तुझ्यानं किती दिवस निभंल म्हणून? अगं, आम्ही संपाला बसायच्या आधी दारोदार फिरायचो. कुणाच्या घरात बाळंतीण हाय, कुणाचा नवरा अंथरुणाला खिळलाय. जिचं निभत नाही तिला मागं बसवायचं, तिचं नाव कुठंच येऊ द्यायचं नाही. सायबापुढं नाव सांगायला आम्ही चौघी होतो, ज्यांचं काय वाकडं होणार नव्हतं."

"आत्या, ते रोजच्या मागण्यांपुरतं होतं. आमचं राजकीय आहे."

"म्हंजे काय?"

मी म्हटलं, आवाज येत नाहीये, आणि फोन ठेवला. रेंज उत्तम होती. आत्याशी असं वागले याची लाज वाटतेय. पण तिला कळत नाही हेही खरं आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार

कारखान्याकडून पत्राला उत्तर नाही. येणारही नाही असं रोशन म्हणाला. त्याला शुभ बोलता येतच नाही.

आज आत्मटीकेची पाळी नागराजची होती. मला वाटलं वादिराज त्याला या खेपेला वगळेल. वगळलं नाही, पाळी म्हणजे पाळी. नागराज उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, हाताची घडी घातली, सोडली.

"माझी चूक अशी झाली," म्हणाला, "की नाव नको म्हटलं ते मी हसत म्हटलं. जोरात म्हणायला पायजे होतं."

मग वादिराज म्हणाला, हा प्रामाणिक मुद्दा आहे, आपण सर्वांनीच आपलं म्हणणं स्पष्टपणे मांडायला शिकलं पाहिजे, यातून गट म्हणून घेण्यासारखं खूप आहे. आश्लेषा म्हणाली, हो. वादिराजने माझ्याकडे बघितलं आणि मी लिहिलं, 'कॉ. नागराज यांची आत्मटीका मान्य.'

मान्य! कुणाची टीका, कुणी केली, कुणाला मान्य? मला गॅरेजमधल्या हवेचीच ओकारी आली. वादिराजच्या त्या शांत आवाजाची, आश्लेषाच्या 'हो'ची, माझ्या वळणदार अक्षराची. नागराजने कोडबळी घेतली नाहीत. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

नाव नको म्हणाला होता का तो? मला नीट आठवत नाही. काहीतरी चेष्टेत बोलला होता खरा. मागची पानं उलटून बघता येईल, पण आज कंटाळा आलाय.

२६ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीमुळे मधली एक बैठक बुडाली. कुणाला चुकल्यासारखं वाटलं नाही, मला तर नाहीच.

नागराजला येलहंकाच्या बाजूला दुसऱ्या कारखान्यात काम मिळतंय! शुक्रवारी, एकतीसला, हजर व्हायचं. आज तो लवकर आला होता आणि बऱ्याच दिवसांनी त्याचा चेहरा उजळलेला दिसला. त्याची बहीण शिवलीला जुन्याच कारखान्यात शिलाईला आहे, तिने कुणाकुणाला विचारून हे जमवलं. तो म्हणाला, घेण्याआधी तिथले लोक नाव टाकून बघतात, तेवढा फोटो आता काढा. कक्केरीकर टाकलं की दुसरं काही येतच नाही, पहिला तोच येतो.

वादिराजने विषयपत्रिकेत घातलं. विषय तिसरा. पहिला विषय होता अमेरिकेच्या जकातीवर आपल्या गटाची भूमिका, मसुदा सातवा. या भूमिकेची वाट कोण बघतंय देव जाणे. आपल्या देशातले भांडवलदार या जकातीचे बळी आहेत की भागीदार, यावर पावणेदोन तास गेले. आश्लेषा रडकुंडीला आली. दुसरा विषय सतरंजी धुण्याचा. तेवढ्यात बाहेर वादिराजच्या वडिलांनी हॉर्न वाजवला, गाडी आत घ्यायची होती. तिसरा विषय पुढच्या रविवारी.

"पुढचा रविवार दोन तारखेला येतो," नागराज म्हणाला. "मला शुक्रवारी जायचंय."

"ठराव न करता कसं काढणार? ठरावाने ठेवलाय. पान सगळ्यांचं आहे, एकट्याचं नाही," वादिराज म्हणाला. सतरंजीची घडी घालत होता.

फाटकाबाहेर नागराज माझ्यासाठी थांबला होता. "चंदनाक्का, पासवर्ड तुझ्याकडंच हाय न्हवं?"

मी म्हटलं, "आहे. पण नियम आहे ना रे. आज मी मोडला तर उद्या कोणीही मोडेल."

"होय की," म्हणाला, आणि माझी बस आली ती त्यानेच हात करून थांबवली.

बसमध्ये बसल्यावर स्वतःचाच वीट आला. पण नियम मी केलेला नाही. आणि खरं सांगायचं तर मला त्याचंही थोडं वाईट वाटलं, की याला त्या फोटोचा अभिमान कसा नाही. माझ्या आजवरच्या लिखाणात त्या दोन ओळी सगळ्यांत चांगल्या आहेत.

३० ऑक्टोबर, गुरुवार

रजिस्टरवर नागराजची सही राहिली होती. सचिवाने सह्या पूर्ण करून घ्यायच्या असतात. म्हणून ऑफिस सुटल्यावर रजिस्टर काखोटीला मारून के. आर. पुरमला गेले. निमित्त होतं ते. त्याला जाऊन काहीतरी म्हणायचं होतं. काय, ते ठरवलं नव्हतं.

रेल्वे स्टेशनमागे एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक खोली. शिवलीलाने दार उघडलं. नुकती कामावरून आली होती, केसांत कापसाचे बारीक तंतू. नागराज नव्हता. येलहंकाच्या कारखान्याने त्याला एक दिवस आधीच बोलावून घेतलं होतं.

"बसा की अक्का," म्हणाली. चहा ठेवला. तिची बोटं टोकाला चिरलेली दिसली. विचारलं तर म्हणाली, "मशीनवरनं काढलं मला. धागे कातरायला बसवलंय. दादाचं झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी."

पाच आठवडे! आम्हाला माहीतच नाही. आमच्या तीन पानी पत्रात शिवलीला हे नावच नाही. मी विचारलं, नागराज बोलला कसा नाही. ती म्हणाली, "काय बोलणार? तुम्ही मतदान घ्याल म्हणाला." आणि हसली, अगदी त्याच्यासारखी.

चहा पिताना तिने सहज विचारलं, "तुमचं काम काय असतंय अक्का?"

"ऑफिसात."

"ते झालं. पण करायचं काय?"

आणि मी सांगितलं. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, या बाईला का सांगितलं कुणास ठाऊक. नाव टाकायचं, काय निघतं बघायचं, शेरा मारायचा. झेंडा दिसला की लाल. ती लक्ष देऊन ऐकत होती, एखाद्या नव्या मशीनबद्दल ऐकावं तसं. संपल्यावर तिने आपला कप खाली ठेवला.

"म्हणजे तुमाला ठाऊकच होतं," म्हणाली.

रागाने नव्हे. जोराने नव्हे. कपात चहा उरला होता तो मला पिता येईना, ठेवताही येईना.

तिथेच बसून मोबाईल काढला, पान उघडलं आणि फोटो काढून टाकला. खात्री आहे का असं दोनदा विचारलं त्याने. दीड मिनिट लागलं. शिवलीला म्हणाली, "गेला?" मी म्हटलं, "गेला." ती म्हणाली, "चहा गार झाला ओ तुमचा. दुसरा करू?"

सही न घेताच परत आले.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

नागराजचा निरोप आला. तो काल तिथे गेला तर नको म्हणून सांगायलाच बोलावलं होतं. त्यांनी बुधवारीच बघून ठेवलं होतं.

खाली लिहिलंय, 'फोटो काढलास म्हणे अक्का. बरं झालं. पुढच्या ठिकाणी उपयोग होईल.'

ऑफिसात आज एकही फाईल उघडली नाही. कावेरीने विचारलं, बरं नाही का. मी म्हटलं, पित्त झालंय. ते खोटं नव्हतं, दोनदा जाऊन ओकले.

२ नोव्हेंबर, रविवार

वादिराजला फोटो गेल्याचं शनिवारीच कळलं होतं. आज विषयपत्रिकेत पहिला विषय, 'सचिवाकडून शिस्तभंग'. आमच्या पानावरचा सर्वांत जास्त बघितला गेलेला फोटो, ठराव नसताना काढला. तो म्हणाला, यावर मी कठोर बोलणार नाही, चंदनाने स्वतःच बोलावं. आज आत्मटीका तिची.

सकाळी निघण्याआधी मी ही वही काढून बसले होते. चौदा सप्टेंबरचं पान. माझ्याच हाताने लिहिलंय. 'नाव नको गं चंदनाक्का.' पुढे लिहिलंय, 'भितो की.' आणि बारा ऑक्टोबरला लिहिलंय, नीट आठवत नाही. पानं उलटायला दोन सेकंद लागतात. मला कंटाळा आला होता म्हणे. काय बाई आहे मी! वादिराजची किळस येते, रोशनची शिसारी येते, कोहळ्याची, पेट्रोलची, सगळ्या जगाची येते, आणि या बाईला मी आठ आठवडे सोडून दिलं होतं.

उभी राहिले. नागराज आला नव्हता, त्याच्या जागी सतरंजीवर कुणी बसलं नव्हतं. मी म्हटलं, "नागराजने नाव नको म्हटलं होतं. मी ऐकलं होतं. नाव मी घातलं, सगळ्यांनी मिळून नाही. आणि नाव दिसलं की पुढे काय होतं हे या खोलीत माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही, कारण मी ऑफिसात तेच करते. माणसांची नावं टाकते आणि झेंडा दिसला की लाल शेरा मारते. महिन्याला पाचसातशे नावं."

आश्लेषाचं तोंड उघडं राहिलं. रोशनने घड्याळातून मान वर काढली.

वादिराजने कप सतरंजीवर ठेवला. मग म्हणाला, "हे... हे प्रामाणिक आहे. पण आजच्या विषयाला धरून नाही. विषय फोटो काढल्याचा आहे. नोकरीचा प्रश्न आपण स्वतंत्रपणे घेऊ." आणि मग, नेहमीच्या त्या शांत आवाजात, "असो. लिही. आत्मटीका मान्य."

मी रजिस्टर उघडलं. वरच्याच पानावर नागराजच्या सहीची रिकामी चौकट. खाली तारीख घातली, नाव घातलं, आणि लिहिलं, 'आत्मटीका अमान्य.'

"अगं, असं कसं? हे ठरवणार गट," वादिराज म्हणाला.

"मग घ्या मतदान," मी म्हटलं, आणि रजिस्टर नागराजच्या जागेवर ठेवून बाहेर पडले. कोडबळ्याचा एक तुकडा दाढेत अडकला होता, तो बस येईपर्यंत जिभेने काढत होते.